थंडी खालून येते : टांगत्या बिछान्याच्या उबेची गोष्ट

२९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे नागपूर वेधशाळेने ३.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले. त्याआधीचा नीचांक ३.९ अंशांचा, जानेवारी १९३७ मधला. ऐंशीहून अधिक वर्षांनी तो मोडला. डिसेंबरअखेर आमच्याकडे किमान तापमान बारा अंशांच्या आसपास असते, त्यामुळे थंडीची तयारी म्हणजे एक स्वेटर आणि रात्री एक ब्लँकेट, एवढीच सवय. आमचा मुलूख उन्हाळ्यासाठी प्रसिद्ध. उन्हाच्या गोष्टी सांगायला आम्हांला कुणी शिकवावे लागत नाही. थंडीच्या गोष्टी मात्र आमच्यापाशी फारशा नाहीत, असे मलाही त्या रात्रीपर्यंत वाटत होते.

त्या रात्री मी भिवापूरजवळच्या आमच्या वावरात जागलीला होतो. सालगडी सुट्टीवर गेलेला, हरभरा घाट्यांवर आलेला आणि रानडुकरांचा कळप दोन रात्री बांधापर्यंत येऊन गेलेला. जुने मचाण मोडकळीस आले होते. पुतण्याने पुण्याहून आणलेला नायलॉनचा हॅमॉक घरात पडून होता. तो मी बांधावरच्या दोन निंबांमध्ये छातीइतक्या उंचीवर बांधला. अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, पांघरायला दोन जाड ब्लँकेटे. एवढे असताना काळजी कसली? मध्यरात्रीपर्यंत ठीक गेले. नंतर पाठ गार पडू लागली. छातीवर ऊब आणि पाठीला पाण्यात झोपल्यासारखे. दोन्ही ब्लँकेटे दुमडून वरून चार पदर केले, तरी फरक नाही. तीनच्या सुमारास दात वाजू लागले तेव्हा खाली उतरलो आणि शेजारच्या वावरात दिसणाऱ्या शेकोटीकडे गेलो.

तिथे ऐंशीच्या घरातले एक शेतकरी बसले होते. आम्ही त्यांना बाबाजी म्हणतो. माझी अवस्था पाहून ते हसले आणि म्हणाले, "वरून दोन काय, चार घोंगड्या घे. थंडी तं खालून येते बाबू. मचाणावर आधी तणस, मंग माणूस."

भिवापुरात माझे लहानसे दुकान आहे. उरलेल्या वेळात जुने कागद, गॅझेटियर आणि कोश चाळण्याचा छंद गेली पंचवीस वर्षे जडला आहे. पदवीचा आधार नसलेल्या माणसाला एखादे वाक्य असे लागते आणि मग सुटत नाही. बाबाजींचे ते वाक्य मला लागले. जमिनीपासून उचललेल्या, टांगलेल्या किंवा विणलेल्या बिछान्यावर झोपणाऱ्या माणसांनी थंडीशी कसा सामना केला, याचा शोध मी त्यानंतर घेत राहिलो. हा लेख त्या शोधाचा आजवरचा हिशेब आहे.

वेधशाळेचा आकडा आणि मचाणाची उंची

आधी थोडे विज्ञान पाहू. वेधशाळेतले तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर ठेवलेले असतात. म्हणजे ३.५ हा आकडा साधारण मोठ्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवरचा. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहते आणि तिला चिकटलेली हवा सर्वांत आधी गार होते. गार हवा जड, ती तळाशी साचते आणि सखल भागाकडे सरकते. अशा रात्री पिकाच्या पानाजवळ वेधशाळेच्या आकड्याहून जास्त थंडी असते, तर आठ-दहा फुटांवर त्याहून थोडी कमी. मचाणावर बसलेला माणूस हवेच्या हिशेबाने जमिनीवरच्या माणसापेक्षा किंचित सुखी असायला हवा.

तो तसा नसतो, याचे कारण त्याच्या पाठीखाली आहे. पांघरूण स्वतः ऊब तयार करत नाही. धाग्यांमध्ये अडकलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, एवढेच त्याचे काम. अंगावरची गोधडी फुगलेली राहते, म्हणून तिच्यात हवा राहते. अंगाखालची गोधडी वजनाने दबते, हवा निघून जाते आणि उरते नुसते कापड. जमिनीवर झोपलेल्याच्या पाठीखाली निदान माती असते. ती ऊब ओढते, पण वाहत नाही. टांगत्या बिछान्याखाली वाहती हवा असते. मंद झुळूकही पाठीची ऊब सतत पळवत राहते. उंची जे देते ते खालचा वारा काढून घेतो. माझ्या नायलॉनच्या झोळ्यात नेमके हेच घडले होते. वरून चार पदर आणि खाली कागदाएवढे जाड कापड.

हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे मैदानी भागात किमान तापमान ४ अंश किंवा त्याखाली गेले की सरासरीकडे न पाहता थंडीची लाट समजली जाते. त्या पहाटे नागपूर त्या व्याख्येत बसले. पण व्याख्येत बसायच्या कितीतरी आधी, आठ-दहा अंशांवरसुद्धा टांगत्या बिछान्यावरचा माणूस कुडकुडतो. जागलीला जाणाऱ्यांना हे ठाऊक असते.

कागदांत न सापडणारा माणूस

जागल हा शब्द नवा नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात तो आहे, बाजही आहे. आमच्याकडे जागल म्हणजे पिकाची रात्रराखण. रानडुक्कर आणि रोही यांच्यापासून हरभरा, तूर, गहू, धान वाचवायचे तर कापणीपर्यंत रात्री वावरात काढाव्या लागतात. त्यासाठी चार बल्ल्या रोवून, वर आडवी लाकडे टाकून मचाण बांधायचे. पुष्कळदा त्यावर घरातली जुनी बाजच चढवून बांधतात. बाज म्हणजे अंबाडीच्या किंवा सुताच्या दोरीने विणलेली खाट. खालून जाळी, जाळीतून वारा.

मध्य प्रांताविषयी इंग्रजांनी भरपूर लिहिले. कॅप्टन फोरसाइथचे सातपुड्याच्या डोंगराळ प्रदेशावरचे पुस्तक १८७१ चे, स्टर्नडेलचे शिवनीच्या छावणीजीवनावरचे १८७७ चे. साहेबाचा दौरा हिवाळ्यातला. त्याच्याबरोबर तंबू, पलंग, गाद्या आणि सामानाच्या गाड्या चालत. थंडी हा त्याचा आवडता मोसम. मचाण या साऱ्या शिकारी साहित्यात पुन्हा पुन्हा भेटते, पण ते वाघाची वाट पाहण्याचे. एखाददुसऱ्या रात्रीपुरते चढायचे आणि बार काढून उतरायचे. तशाच चार काठ्यांच्या मांडवावर दिवाळीपासून होळीपर्यंत रात्री काढणारा शेतकरी या लेखनाचा नायक कधी झाला नाही. १९०८ साली रसेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या नागपूर जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये पिके, पाऊस आणि महसूल यांची माहिती आहे. पिकाची राखण करणारा रात्री पाठीखाली काय घेतो, हा प्रश्न प्रशासनाचा नव्हताच.

एक धागा मात्र हाती लागला. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चार खंडांच्या जाती-जमातींच्या ग्रंथात चांदा जिल्ह्यातल्या कुरमवारांवर टिपण आहे. हे मेंढपाळ. आज त्यांना आपण कुरमार म्हणतो आणि त्यांच्या हातची घोंगडी पूर्व विदर्भात अजूनही ओळखली जाते. मेंढीची जाडीभरडी लोकर, त्यावर चिंचोक्याची खळ. या खळीमुळे घोंगडी कडक होते, अंगाला टोचते, पण तिच्यातून वारा सहजी शिरत नाही. बाबाजींच्या तोंडी घोंगडीचे नाव आले ते उगीच नव्हे. जागलीला जाणारे घोंगडी अंगावर घेण्याआधी बाजेवर अंथरतात, हे मी पुढे अनेकांकडून ऐकले. वारा अडवणारी वस्तू खाली आणि मऊ वस्तू वर. शहरातला माणूस नेमके उलटे करतो.

हॅमॉकचा प्रवास

हॅमॉक हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या 'हमाका' या शब्दापासून आला. १४९२ साली कोलंबस बहामा बेटांवर उतरला तेव्हा त्याने कापसाच्या जाळ्यांसारखे हे बिछाने पाहिले. उष्ण, दमट आणि किड्यामुंग्यांच्या प्रदेशात जमिनीपासून वर, हवेशीर झोपण्याची ही युक्ती. पण उष्ण प्रदेशातही पहाट गार असते. ब्राझीलमध्ये तुपिनांबा लोकांच्या कैदेत राहिलेला जर्मन गोलंदाज हान्स स्टाडेन याने १५५७ साली छापलेल्या आपल्या हकिगतीत त्यांच्या सुती टांगत्या बिछान्यांचे वर्णन केले आहे आणि रात्री त्यांच्याजवळ विस्तव पेटता ठेवतात, अशी नोंद केली आहे. मूळ रचनेत बिछाना आणि विस्तव ही जोडी होती. युरोपने त्यातला बिछाना उचलला, विस्तव तिथेच राहिला.

१५९७ साली इंग्लंडच्या आरमाराने हॅमॉक स्वीकारला. लाकडी जहाजावर विस्तव जवळ ठेवणे अशक्य. तिथे दोन गोष्टींनी ऊब राखली. कॅनव्हासच्या झोळीत खलाशी पातळशी गादी घालत, म्हणजे अंथरूण आत आले. आणि खालच्या मजल्यावर प्रत्येकाला टांगून घ्यायला जागा मिळे चौदा इंच रुंदीची. शेकडो माणसे खांद्याला खांदा लावून लोंबकळत. वारा शिरायला फट नाही. कोंदट, वासाची, पण उबदार झोप.

या इतिहासाचे एक टोक आपल्या मुंबईत आहे. वाडिया घराण्याने मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानातून बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात तरंगते आहे. त्यावरचे खलाशीही हॅमॉकमध्येच झोपत. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या २६ आणि २७ तारखांना नागपुरात सीताबर्डीची लढाई झाली. आम्हां नागपूरकरांना १८१७ म्हटले की लढाई आठवते. त्याच साली मुंबईत बांधलेल्या जहाजाच्या पोटात माणसे कशी झोपत होती, हे मला पन्नाशीजवळ आल्यावर कळले.

पुढे हॅमॉक जहाजातून उतरला, बागेत आणि जंगलात आला. चौदा इंचांचा शेजार सुटला, आतली गादी सुटली आणि पाठ उघडी पडली. अलीकडे डोंगरभटक्यांनी यावर उपाय काढला आहे. झोळ्याच्या आत काही घालण्याऐवजी बाहेरून, खालच्या अंगाला एक रजई सैलसर टांगायची. तिच्यावर वजन येत नाही, म्हणून ती दबत नाही आणि तिच्यातली हवा टिकते. हा उपाय समजला तेव्हा मला प्रथम आपल्या बाळंतिणीची बाज आठवली.

बाळंतिणीची बाज

ज्या वाचकांचा जन्म घरी झाला, त्यांना हे चित्र सांगावे लागणार नाही. अंधारी खोली, विणलेली बाज, तिच्यावर बाळंतीण आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. निखाऱ्यांवर ओवा, शेपा. त्या धुरीविषयी आणि शेकण्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, पण ते औषध म्हणून. मला त्यात अंथरुणाची समज दिसते. बाजेची जाळी उन्हाळ्यात वारा वर घेते. तीच जाळी विस्तवाची ऊब वर घेते. खालून येणारी थंडी खालूनच अडवायची, हे आपल्या सुइणींना आणि सासवांना पक्के ठाऊक होते. अर्थात बंद खोलीतल्या निखाऱ्यांचा विषारी वायू जीव घेतो, हेही आज आपल्याला ठाऊक आहे. म्हणून त्या पद्धतीची आठवण काढताना तिचा आग्रह कुणी धरू नये.

झोळीचेही तसेच. रोवणीला गेलेल्या बाया बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधून त्यात लेकरू निजवत. हॅमॉक शब्द ऐकण्याच्या कितीतरी आधी आमच्याकडे ही टांगती शय्या होती. झोळीत आधी जुन्या लुगड्याची जाड घडी, मग बाळ, मग वरून पातळ पांघरूण. हा क्रम मी आईला विचारला तेव्हा तिला प्रश्नच कळला नाही. "मंग काय बाळाले उघड्यावर टाकाचं?" एवढेच ती म्हणाली. आपल्या जोडशब्दातही अंथरूण आधी आहे आणि पांघरूण नंतर. पाय पसरताना आपण पाहतो तेही अंथरूणच.

तणसाचे वर्ष

आता बाबाजींच्या तणसाकडे येतो. धानाची काडी आतून पोकळ असते. शिवाय ती कडक असते, म्हणून माणसाच्या वजनाने सगळी चपटी होत नाही. हातभर जाड थर दाबून वीतभर झाला, तरी त्यात हवा राहते. खाली खताच्या रिकाम्या बोऱ्या पसरल्या की वारा अडतो, त्यावर तणस, त्यावर घोंगडी किंवा वाकळ. २०१८ नंतरच्या हिवाळ्यांत मी हे प्रकार एकेक करून स्वतःवर करून पाहिले. हॅमॉकमध्ये तणस नीट राहत नाही, एका बाजूला घसरते. ते बोऱ्यात सैल भरून बोरा झोळ्याच्या खालून दोऱ्यांनी टांगला, तेव्हा पाठ पहाटेपर्यंत टिकली. हा एका माणसाच्या पाठीचा अनुभव आहे, त्याला प्रयोग म्हणण्याचे धाडस मी करत नाही.

पण या शोधाने मला एक जुनी गोष्ट वेगळी दिसली आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. मी सातवीत असताना एका हिवाळ्यात आमचा हरभरा एका रात्रीत डुकरांनी उकरला. जागलीला माझे वडील होते. ते मचाण सोडून गावाकडच्या शेकोटीवर जाऊन बसले होते. काकांनी चारचौघांत त्यांना विचारले, "एक रात्र मचाणावर काढता येत नाही तुला?" बाबा काही बोलले नाहीत. पुढे वाटण्या झाल्या, त्या भांडणातही हे वाक्य आले. माझ्याही मनात ते कुठेतरी राहिले. बाबा राखण सोडून गेले, असे मीही मानत आलो.

आईला झोळीबद्दल विचारत होतो, त्याच बसण्यात तिने सहज सांगितले की त्या वर्षी धान बुडाला होता. जे थोडे तणस निघाले ते बैलांना पुरवायचे होते. मचाणावर टाकायला तणस नव्हते. वाकळ होती, तीही आम्हां भावंडांच्या अंगावर. बाबा उघड्या बाजेवर एक चादर पांघरून जागलीला जात होते. ही गोष्ट त्यांनी काकांना सांगितली नाही, आम्हांलाही नाही. मी तीन वाजता दोन ब्लँकेटे टाकून शेकोटीकडे पळालो होतो. माझ्या त्या पळण्याला कुणी नाव ठेवले नाही. हा हिशेब कळला तेव्हा बाबांना जाऊन बारा वर्षे झाली होती.

खाली उतरण्याची किंमत

ही केवळ एका घराची गोष्ट नाही. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ मध्ये झाले. त्याचा काही भाग आमच्या भिवापूर तालुक्यात येतो. वाघ आमच्या शेजारी आहेत, याचा आम्हांला अभिमानही आहे आणि धाकही. जागलीला गेलेल्या शेतकऱ्यावर वाघाने हल्ला केल्याच्या बातम्या पूर्व विदर्भात दर हिवाळ्यात वाचाव्या लागतात. मचाणावरचा माणूस जमिनीवरच्यापेक्षा सुरक्षित असतो. तो खाली उतरतो त्याच्या कारणांत थंडी हे एक मोठे कारण आहे. शेकोटी जमिनीवर असते. पाठ गोठली की माणूस वाघाची भीती बाजूला ठेवून शेकोटीकडे जातो. शिवाय कृषिपंपांना वीज रात्री मिळते तिथे ओलितासाठी भर थंडीत ओल्या वाफ्यांत उभे राहावे लागते. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ पासून आहे. ती वावरावावरांत पोचेल तेव्हा एक जागरण तरी कमी होईल.

बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरची प्राणीगणना करायला शहरातून हौशी मंडळी येतात. मचाणावर रात्र काढून चांदण्यात दिसलेल्या प्राण्यांच्या आठवणी लिहितात. त्यांचे लेखन मी आवडीने वाचतो. वैशाखातल्या मचाणाच्या अशा आठवणी आपल्याकडे पुष्कळ झाल्या. पौषातल्या मचाणावर बसणाऱ्यांपैकी बाबाजींच्या पिढीची फार थोडी माणसे आता उरली आहेत. काय अंथरले, कशाने वारा अडवला, केव्हा उतरावे लागले, हे त्यांना विचारून लिहून ठेवायला हवे. मी माझ्या तालुक्यात वहीत नोंदी सुरू केल्या आहेत. इतरांनी आपापल्या भागात केल्या तर बरे होईल.

हा अंक हाती पडेल तेव्हा आमच्याकडे हलका धान कापणीला आलेला असेल. मळणीनंतर तणस बैलांचे, हे ठरलेलेच. यंदा त्यातले चार भारे मात्र मी सालगड्याला मचाणासाठी वेगळे काढायला सांगितले आहेत.